पेशींच्या लक्षात होतं

मधली सुट्टी संपायला पाच मिनिटं होती. सुलक्षणा डब्याचं झाकण लावत होती, तेवढ्यात नाशिकहून फोन आला. हॉस्पिटलातली रूपा. किडनी बसवायच्या रुग्णांचे कागद, तपासण्या, तारखा हे सगळं तीच बघायची. एरवी ती आधी 'जेवलात का मॅडम' असं विचारायची. आज विचारलं नाही. क्रॉसमॅचचा रिपोर्ट आला होता. नवऱ्याच्या, योगराजच्या, रक्तातल्या पेशी एका नळीत घेऊन त्यांच्यावर सुलक्षणाच्या रक्तातला पिवळा द्रव सोडायचा आणि पेशी जगतात का मरतात ते बघायचं, एवढीच ती तपासणी. पेशी मेल्या होत्या. रूपा अर्थात असं म्हणाली नाही. ती म्हणाली, "पॉझिटिव्ह आलाय मॅडम. म्हणजे सरांची किडनी तुम्हाला चालणार नाही. पुढच्या महिन्याची तारीख आपण रद्द करतोय." मग कागद उलटल्याचा आवाज आला आणि तिने विचारलं, "फॉर्मवर बाळंतपण एक लिहिलंय. त्याशिवाय कधी दिवस गेले होते का? किंवा रक्त चढवलं होतं कधी?" सुलक्षणा म्हणाली, "नाही. एकच." उत्तर इतकं लगेच आलं की ते आपण दिलं असं तिला वाटलंच नाही, पंधरा वर्षं ते घशाशी तयार बसून होतं आणि कोणी विचारताच बाहेर पडलं. घंटा झाली. आठवी ब वर तास होता. तिने खडू उचलला आणि ती जिना चढायला लागली. सहाव्या पायरीला धाप लागली तशी कठड्याला धरून उभी राहिली. डाव्या हाताच्या कोपराखाली, डायलिसिससाठी जोडलेली शीर नेहमीसारखी थरथरत होती. फ्रिजच्या पाठीवर हात ठेवला की लागते तशी थरथर. दिवसा ती विसरायला व्हायची. आज विसरायला होईना.

तास नेमका रक्ताचा होता. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, बिंबिका. इतकी वर्षं ती पांढऱ्या पेशींना सैनिक म्हणत आली होती. मुलांना ते आवडायचं, वहीत बंदुका घेतलेल्या गोल पेशी काढायची मुलं. पाच वर्षांपूर्वी पायांवर सूज आली, लघवीला फेस यायला लागला आणि डॉ. लीलाधर महाजनांनी बायोप्सीचा रिपोर्ट समजावून सांगितला, त्यानंतर तिने सैनिक हा शब्द सोडून दिला होता. डॉक्टरांनी कागदावर एक गुंता काढला होता. ही किडनीतली गाळणी, अशा लाखो असतात. तुमच्याच पांढऱ्या पेशींनी बनवलेलं एक प्रथिन इथे येऊन साचलं. ते हटवायला आणखी पेशी आल्या. त्यांनी आपल्या पद्धतीने काम केलं, त्यात गाळणीलाच जखमा झाल्या. जखमा भरल्या, पण भरल्या त्या व्रणांनी, आणि व्रणातून काही गाळलं जात नाही. तिने विचारलं होतं, पण मी काय केलं. डॉक्टर म्हणाले होते, तुम्ही काही केलं नाही. तेव्हा ते ऐकून बरं वाटलं होतं. योगराजने घरी येऊन आपल्या भाषेत सांगितलं, सँड फिल्टर चोक झालाय. तो शेतांमध्ये ठिबक बसवण्याची कामं घ्यायचा, फैजपूर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात त्याची बरीच गिऱ्हाइकं होती. फिल्टर उघडून धुता येतो आणि हा येत नाही एवढंच त्याला कळत नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. आठवी ब मधली एक मुलगी उभी राहिली आणि विचारू लागली, मॅडम, पांढऱ्या पेशींना आपलं कोण आणि परकं कोण हे कसं कळतं. सुलक्षणा म्हणाली, प्रत्येक पेशीच्या अंगावर खुणा असतात, त्या खुणा या पेशी वाचतात. आणि एकदा वाचलेली परकी खूण लक्षात ठेवतात. किती दिवस, मुलीने विचारलं. कधी कधी आयुष्यभर, सुलक्षणा म्हणाली, आणि फळ्याकडे वळून उगाच तारीख पुन्हा ठळक केली.

मंगळवार होता, म्हणजे अडीचला डायलिसिस. रिक्षातून उतरून ती वर गेली, वजन केलं, नेहमीच्या खिडकीजवळच्या खाटेवर पडली. सिस्टरने दोन सुया घातल्या. रक्त एका नळीतून बाहेर जायला लागलं आणि दुसरीतून परत यायला लागलं. चार तास. ह्या चार तासांत ती सहसा वह्या तपासायची. आज वह्या पिशवीतच राहिल्या. तहान लागली होती. दिवसाला मोजून पाऊण लिटर पाणी, त्यातलं अर्धं सकाळीच संपलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना त्यांच्या सुनेने सोललेलं सफरचंद दिलं. किडनीच्या माणसाला केळं चालत नाही. तिला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती हसली होती, कारण सासर फैजपूरचं, आणि सासूबाई, भागाबाई, येणाऱ्याच्या हातात चहाच्या आधी केळं ठेवणाऱ्या. पाच वर्षं झाली, फैजपूरला गेलं की भागाबाई केळीचा घड आतल्या खोलीत नेऊन ठेवतात, तिला दिसू नये म्हणून. एवढं जपणारी माणसं. आणि योगराज, ज्याने 'माझी घ्या' असं डॉक्टरांना सांगायला एक मिनिटही लावलं नव्हतं. त्याचा रक्तगट ओ, म्हणजे कोणालाही चालणारा. रक्तदाब उत्तम, साखर नाही. डॉक्टर म्हणाले होते, असा दाता क्वचित मिळतो. त्याच्या पेशी नळीत घातल्या आणि तिच्या रक्ताने त्या ओळखल्या.

हे ओळखणं कुठून आलं ते तिला पुस्तकातून ठाऊक होतं. फोन चालू असतानाच ठाऊक होतं. म्हणून तर 'एकच' हे उत्तर इतकं लगेच आलं.

पंधरा वर्षांपूर्वी तिची मुलगी किरण अडीच वर्षांची होती. सुलक्षणा शिंदखेड्याला माहेरी राहून धुळ्याला बी.एड. करत होती. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळी परत. किरण आजीजवळ राहायची. योगराज आठवड्याने यायचा. लग्नात ठरलं होतं की ती शिकेल, आणि सासरच्यांनी ते पाळलंही होतं, पण पाळताना एक वर्ष, एकच वर्ष असं सगळे म्हणत होते, आणि भागाबाई त्या वर्षानंतर दुसरा नातू धरूनच चालल्या होत्या. दिवाळीनंतर पाळी चुकली. परीक्षा मार्चमध्ये. सराव-पाठ अर्धे राहिले होते. तिला उलट्या इतक्या व्हायच्या की एसटीत खिडकीची जागा मिळाली नाही तर ती पुढच्या गाडीची वाट बघायची. आठ दिवस तिने कोणाला सांगितलं नाही. नवव्या दिवशी तिने आईला सांगितलं. सुगंधाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी तवा उतरवून ठेवला, हात धुतले आणि विचारलं, "तुले काय करनं शे?" आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, तिला काय करायचं आहे हे कोणी विचारलं होतं. ती म्हणाली, मला परीक्षा द्यायची आहे. दोघी धुळ्याला गेल्या. डॉक्टरीण शांत बाई होती. सात आठवडे झालेत म्हणाली, सही फक्त तुमची लागते म्हणाली. सुलक्षणाने सही केली, तेव्हा पेनची शाई नीट उतरेना म्हणून ती दोनदा करावी लागली. नंतर रक्त जास्त गेलं. एक बाटली चढवली. परतताना एसटीत आई म्हणाली, "घर जाईसन कोनले काही सांगू नको." तेवढंच. मार्चमध्ये तिने परीक्षा दिली, आणि जूनमध्ये जळगावला ह्या शाळेत लागली. पस्तावा झाला का? तिने स्वतःला हे अनेकदा विचारलं होतं आणि उत्तर दरवेळी एकच आलं होतं: नाही. पस्तावा त्या सहीचा नव्हता. दुसऱ्याच गोष्टीचा होता, आणि ती गोष्ट चार वर्षांनी तिच्या हाती लागली होती. दुसरं मूल राहत नव्हतं. योगराज काही बोलायचा नाही. एकदा त्याच्या शर्टाच्या खिशात, धुवायला टाकताना, भुसावळच्या एका लॅबची चिठ्ठी निघाली. तो एकटाच जाऊन स्वतःची तपासणी करून आला होता. सगळं ठीक होतं. त्याने ती चिठ्ठी तिला कधी दाखवली नाही, तिनेही बघितल्याचं सांगितलं नाही. त्यानंतर तो भाच्यांच्या जावळाला, बारशाला गेला की बाळाला घ्यायला आधी पुढे व्हायचा, आणि लवकर परत द्यायचा. ते लवकर परत देणं तिने दरवेळी पाहिलं होतं. तेव्हा सांगायला हवं होतं. दर वर्षी ते सांगणं थोडं अधिक अवघड होत गेलं. मग आजार आला आणि आजारात सगळेच तिच्याशी इतके चांगले वागायला लागले की ते अशक्यच झालं.

साडेसहाला सुया निघाल्या. उठताना डोकं हलकं झालं, जमीन जरा लांब गेल्यासारखी वाटली. योगराज खाली गाडी घेऊन उभा होता. तिने त्याला क्रॉसमॅचचं सांगितलं. गाडी सुरू करता करता तो थांबला. "असं कसं होईल," तो म्हणाला, "परत करायला सांगू. लॅबची चूक असेल." मग म्हणाला, "माझ्यातच काही असेल का?" तिने डोळे मिटले. हे शेवटचं वाक्य तिला डायलिसिसच्या सुयांपेक्षा आत गेलं. त्याच क्षणी तिने ठरवलं असं नाही, पण ठरणं तिथे सुरू झालं.

गुरुवारी दोघं नाशिकला गेले. योगराज फाइलच्या खिडकीशी रांगेत उभा राहिला आणि डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. दार लागताच तिने सांगितलं. फोनवर मी खोटं बोलले. दुसऱ्यांदा दिवस गेले होते, सात आठवड्यांचे, मी काढून टाकलं, त्यात रक्तही चढवलं. डॉ. महाजनांनी ते लिहून घेतलं, चेहऱ्यावर काही न आणता. मग ते म्हणाले, "बाळात अर्धं वडिलांचं असतं. त्याच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात येतात, आईच्या पेशी ते अर्धं बघतात, आणि काही बायकांच्या पेशींच्या ते लक्षात राहतं. पुन्हा तसंच काही समोर आलं की त्या उठतात." तिने विचारलं, माझ्या बाबतीत हे कोणत्या वेळी झालं. ते म्हणाले, "ते कोणीच सांगू शकणार नाही. तुमच्या मुलीच्या वेळी झालं असेल. नंतर झालं असेल. चढवलेल्या रक्ताने त्यात भर पडली असेल. पूर्ण दिवसांचं एक बाळंतपणसुद्धा पुरतं." त्यांनी आणखी सांगितलं, हे ह्या खोलीबाहेर जाणार नाही. यजमानांना मी इतकंच सांगेन की बाळंतपणामुळे असं होतं. ते खरंच आहे. तुम्ही त्यांना अधिक काही सांगायलाच हवं असं उपचाराच्या दृष्टीने अजिबात नाही. मग त्यांनी पुढचे मार्ग सांगितले. परक्या पेशींना मारणाऱ्या रक्तातल्या अँटिबॉडी धुऊन काढता येतात, पण तिच्यात त्यांचं प्रमाण फार होतं, धोका मोठा. आईला साखर, त्यामुळे आई बाद. मुलगी अठराची झालीय खरी, पण तिच्यातलं अर्धं वडिलांचं, तिथेही हेच होण्याची भीती. उरलं ते स्वॅप. ज्यांचं आपसात जुळत नाही अशी दुसरी जोडी शोधायची. त्यांचा दाता तुम्हाला, तुमचा दाता त्यांच्या रुग्णाला. पण त्यासाठी योगराजला आपली किडनी अनोळखी माणसाला द्यायला तयार व्हावं लागेल.

ती बाहेर आली तेव्हा तिला विलक्षण मोकळं वाटत होतं आणि त्या मोकळेपणाचीच धास्तीही वाटत होती. दार उघडून दिलेलं होतं. मुलीच्या बाळंतपणामुळे, असं म्हणायचं, ते खोटंही ठरणार नव्हतं, आणि सगळं जिथल्या तिथे राहणार होतं. कोणी तिला बोलायला भाग पाडत नव्हतं. आजपर्यंत तिला वाटत आलं होतं की एक दिवस काहीतरी भाग पाडेल, एखादा कागद, एखादी नातेवाईक, आईचं बोलण्याच्या भरात सुटलेलं वाक्य, आणि तेव्हा ती सांगेल. आता भाग पाडणारं काही उरलं नव्हतं. म्हणजे सांगायचं तर ते फक्त तिने ठरवलं म्हणून सांगायचं होतं. परतीच्या वाटेवर मालेगाव गेलं. योगराज स्वॅपबद्दल बोलत होता, ऐकायला विचित्र वाटतं पण हिशेबाने बरोबर आहे असं काहीतरी. कपाशीचे ट्रक ओलांडत गाडी चालली होती, दुपारचं ऊन बोनेटवरून डोळ्यांत येत होतं, तोंडात ती नेहमीची धातूसारखी चव. धुळ्याच्या बायपासला लागण्याआधी ती म्हणाली, "अहो, गाडी जरा बाजूला घ्या." त्याला वाटलं तिला मळमळतंय. त्याने गाडी एका बंद टपरीच्या सावलीत घेतली आणि पिशवी शोधायला लागला. "मळमळत नाही," ती म्हणाली. "तुमच्यात काही कमी नव्हतं. कधीच नव्हतं. मला किरणनंतर एकदा दिवस गेले होते. बी.एड.च्या वर्षी. मी इथे धुळ्याला येऊन पाडलं. तुम्हाला विचारलं नाही, सांगितलंही नाही." आणि मग, थांबली तर पुन्हा सुरू होणार नाही म्हणून, भुसावळच्या चिठ्ठीचंही सांगितलं. ती मी पाहिली होती आणि गप्प बसले. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नसतील. योगराजचे हात स्टिअरिंगवर होते. त्याच्या डाव्या अंगठ्याच्या नखात ठिबकच्या नळीचा काळा चुरा नेहमी असायचा. ती त्या नखाकडे बघत राहिली. त्याने गाडी सुरू केली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. घरी पोचल्यावर त्याने तिची पिशवी वर आणून ठेवली, पाण्याची तिची मोजलेली बाटली फ्रिजवर ठेवली, आणि फैजपूरला जातो म्हणून निघून गेला.

चार दिवस तो आला नाही. शुक्रवारी ती रिक्षाने डायलिसिसला गेली. शनिवारी शाळा. भाज्या चिरून कोमट पाण्यात भिजत घालायच्या, ते पाणी फेकायचं, पुन्हा शिजवून तेही पाणी फेकायचं, उरलेलं बेचव ते खायचं. पाच वर्षांत हे हातांना पाठ झालं होतं आणि त्या चार दिवसांत हातांनीच ते केलं. किरण धुळ्याला फार्मसीला होती, रविवारी तिचा फोन आला. बाबा कुठेत असं विचारलं. कामावर, सुलक्षणा म्हणाली, आणि मनात म्हणाली की हिलाही एक दिवस सांगायचं आहे, पण आधी त्यांचं होऊ दे. आईचा फोन आला. तिने आईला सांगितलं की मी योगराजना सगळं सांगून टाकलं. सुगंधाबाई म्हणाल्या, "बरं करं तू. बठ्ठं मन्हावर घेस मी. मी लई गयथू तुले." आईने लई गयथू म्हणावं, म्हणजे मीच नेलं होतं असं म्हणून सगळं स्वतःवर घ्यावं, हे तिला नको होतं. ती म्हणाली, नाही माय, तू विचारलं होतंस. मी सांगितलं होतं. माझं मला राहू दे. फोन ठेवल्यावर ती गॅलरीत उभी राहिली. ती स्वतःला तपासत होती. भीती होती, ती तिला छातीत नेमकी सापडली. योगराज परत न येण्याची भीती, आणि तिच्या खाली, जरा लाजेने, किडनी न मिळण्याची भीती. दोन्ही वेगळ्या करून तिने पाहिल्या. आणि तिसरं होतं ते भीतीसारखं नव्हतं. तो आला नाही तरी ती मंगळवारी आणि शुक्रवारी सुया टोचून घेणार होती, सोमवारी आठवी ब ला पचनसंस्था शिकवणार होती, घरातला कोणी दाता न जुळलेल्यांच्या यादीत, मेंदू मृत झालेल्या माणसाची किडनी मिळते त्या यादीत, नाव घालणार होती. तिने सोमवारी सकाळी रूपाला फोन करून तेही विचारून घेतलं. स्वॅपचा फॉर्मही मागवला, स्वतःची सही केली, दात्याची जागा रिकामी ठेवली.

मंगळवारी डायलिसिस सुरू होऊन तासभर झाला होता तेव्हा योगराज आला. शेतातून सरळ आलेला, पँटच्या घोट्यांना माती. त्याने स्टूल ओढून घेतलं आणि बसला. बराच वेळ मशीनकडे बघत राहिला, तिचं रक्त नळीतून फिरताना. मग म्हणाला, "तू विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं." तिने मान त्याच्याकडे वळवली. "नाही म्हटलं असतं," तो पुन्हा म्हणाला, "आणि मग आईनेही म्हटलं असतं, आणि तू घरी बसली असतीस. हे मला माहीत आहे. चार दिवस दुसरं काही निघतंय का ते बघत होतो. निघालं नाही." शेजारच्या खाटेवरचे आजोबा झोपले होते. "चिठ्ठीचं मात्र," तो म्हणाला. "ती चिठ्ठी तू पाहिली होतीस आणि मला तसंच राहू दिलंस. त्याचा राग आहे. तो जाईल असं आत्ता तरी वाटत नाही." सुलक्षणा म्हणाली, "राहू दे. तो बरोबर आहे." तिला माफी मागायची होती, ती तिने मागितली, एकदाच, साध्या शब्दांत. त्याने मान हलवली. होकारार्थी की नुसतीच, ते तिला कळलं नाही. मग त्याने विचारलं, "तो फॉर्म कुठाय? रूपाताई म्हणाली तू मागवलास." त्याने आधी रूपाला फोन केला होता. पिशवीत आहे, ती म्हणाली. त्याने फॉर्म काढला, वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवून सही केली, आणि म्हणाला, "किडनीचा रागाशी काही संबंध नाही."

जोडी मिळायला पाच महिने लागले. शिरपूर तालुक्यातल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचे बादल आणि रेशमा पावरा. बादल आश्रमशाळेत शिपाई होता, त्याचा रक्तगट ओ, रेशमाचा बी. ओ माणसाला फक्त ओ चालतो, त्यामुळे बायको तयार असूनही तो तीन वर्षं डायलिसिसवर होता. डायलिसिससाठी शिरपूरला यायचं तर आधी घरून फाट्यापर्यंत मोटरसायकलवर मागे बसून. सुलक्षणाचा गट बी. पहिल्यांदा चौघं नाशिकच्या हॉस्पिटलच्या बाकावर भेटले तेव्हा कोणाला काय बोलावं सुचेना. योगराज बादलला ठिबकचं विचारू लागला, पाणी किती खोल लागतं वगैरे. बादल म्हणाला, आमच्याकडे आहे ते आभाळाचंच. रेशमा सुलक्षणाकडे बघत होती, तिच्या हातावरच्या फुगलेल्या शिरेकडे. पस्तिशीची असेल, हातांना मोहाची फुलं वेचून वेचून आलेली रेषारेषांची कातडी. ती म्हणाली, "ताई, मला कोणी म्हणालं, तुझी किडनी नवऱ्याला जाणार नाही, मग कशाला देतेस. मी म्हटलं, माझी जाईल तिथे काम करील, ह्यांना मिळेल ती इथे काम करील. दोघं उठून बसले म्हणजे झालं." रक्त घेतलं गेलं. ह्या वेळी नळीत रेशमाच्या पेशी होत्या. तीन दिवस सुलक्षणाने आपल्या रक्ताबद्दल, जे ती कधीच बघू शकत नव्हती आणि जे तिच्याहून अधिक लक्षात ठेवत होतं, विचार केला नाही असं एक मिनिट गेलं नाही. त्या पेशींवर रागवावं असं तिला वाटेना. त्यांनी किडनी घालवली हे खरं. पण जे होऊन गेलं ते कोणीतरी लक्षात ठेवायचंच, आणि तिने पंधरा वर्षं ते विसरल्यासारखं केलं होतं. रिपोर्ट आला. रेशमाच्या पेशी जिवंत होत्या.

अवयव देण्याघेण्याला परवानगी देणाऱ्या समितीसमोर चौघांच्या मुलाखती झाल्या. एप्रिलमध्ये एकाच सकाळी ऑपरेशनची चार टेबलं लागली. शुद्धीवर आल्यावर तिला पहिली जाणवली ती थंडी, आणि मग सिस्टरचा आवाज, की लघवी टेबलावरच सुरू झाली. पाच वर्षांत तिने तो शब्द इतक्या आनंदाने कोणी उच्चारलेला ऐकला नव्हता. उजव्या बाजूला, ओटीपोटात, रेशमाची किडनी. तोंडातली धातूची चव दुसऱ्या दिवशी गेली. सिस्टरने पाणी दिलं, आणि पेल्याला माप नव्हतं. सहाव्या दिवशी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी किती गाळते ते सांगणारा, आकडा खाली यायचा थांबला, सातव्या दिवशी वर चढला. डॉक्टरांनी सुईने नव्या किडनीचा तुकडा घेतला. संध्याकाळी ते खाटेशी आले आणि म्हणाले, पेशी आत शिरल्यात, किडनी नाकारायची सुरुवात आहे, तीन दिवस जोराची इंजेक्शनं देऊ. भीती वाटते का, त्यांनी विचारलं. वाटते, ती म्हणाली, पण द्या. त्या तीन दिवसांत तिचा चेहरा सुजला, हात कापायला लागले, जेवताना चमचा ताटावर वाजायचा. ती जेवत राहिली. दर बारा तासांनी गोळी, घड्याळ लावून, एक मिनिट इकडे-तिकडे नाही. ह्या गोळ्या आता जन्मभर. पेशींना जे लक्षात राहतं ते पुसता येत नाही, फक्त त्यांना शांत ठेवता येतं, रोज, दोनदा. तिला ते जमण्यासारखं वाटलं. चौथ्या दिवशी आकडा उतरला. पाचव्या दिवशी आणखी उतरला. खालच्या मजल्यावर बादल भिंत धरून चालायला लागल्याचं रेशमा येऊन सांगून गेली, पोटाला हात लावून, जपून हसत.

योगराजला सुट्टी होऊन आठवडा झाला होता, पण तो रोज यायचा. त्या सकाळी सिस्टरने दोघांनाही चालायला सांगितलं. वॉर्डाबाहेर लांब पडवीवजा व्हरांडा होता, दोन्ही टोकांना खिडक्या. सुलक्षणाच्या तोंडाला मास्क होता, योगराजचा डावा हात त्याच्या बरगडीखाली, टाक्यांवर. दोघं हळूहळू चालले. एका टोकापर्यंत गेले, वळले. दुसऱ्यांदा खिडकीशी आले तेव्हा तो थांबला आणि बाहेर बघत म्हणाला, "मुलगा होता की मुलगी?"

"कळण्याइतके दिवस झाले नव्हते," सुलक्षणा म्हणाली.

त्याने मान हलवली. खाली पार्किंगमध्ये कोणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याचा आवाज वर येत होता.

"मी मुलगी धरून चाललो होतो," तो म्हणाला. "फैजपूरला होतो ते चार दिवस. आत्ता पंधराची असती."

ती त्याच्या शेजारी उभी राहिली. "आपण किरणला सांगू," थोड्या वेळाने ती म्हणाली. "मी सांगते. तुम्ही बसा बरोबर."

"बसेन," योगराज म्हणाला.

दोघं वळले आणि पुन्हा चालायला लागले. तो तिच्याहून हळू चालत होता, तेव्हा तिने आपली पावलं त्याच्या बेताने घेतली.